घरात येणाऱ्या दोन लाइनी



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो बोनसवर बोलेल, महागाईवर बोलेल, बंद पडलेल्या मिलवर बोलेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी मात्र आज टेलिफोनवर बोलणार आहे. या माणसाचा आणि टेलिफोनचा काय संबंध, असे आपल्यापैकी कोणाच्या मनात आले असेल तर त्यात वावगे काही नाही. संबंध आहे, आणि व्याख्यान संपेपर्यंत तो आपल्याला दिसेल अशी मला आशा आहे.

आपल्या वऱ्हाडात वीज गेली असे सहसा कोणी म्हणत नाही. 'लाइन गेली' असे म्हणतात. टेलिफोन लागला नाही म्हणजेही 'लाइन मिळत नाही' असेच म्हणतात. शब्द एकच; परंतु घरात येणाऱ्या या लाइनी दोन होत्या. एक विजेची, दुसरी टेलिफोनची. दोघींचे खांब वेगळे, दोघींचे कारभारी वेगळे, आणि मुख्य गोष्ट अशी की, एक गेली तरी दुसरी राहत असे. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षे आठवून पाहा. अकोल्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर चढलेला, पंखे बंद, दिवे बंद, आणि अशा अंधारात कोपऱ्यातल्या तिवईवरचा टेलिफोन मात्र खणखणीत वाजत असे. त्याचे नवल तेव्हा कोणालाच वाटले नाही.

आज घरोघर फायबरची तार आली आहे. तिच्या टोकाला भिंतीवर एक लहानसा डबा बसतो. त्या डब्याच्या पाठीमागे टेलिफोनसाठी एक खाच असते. जुना टेलिफोन त्या खाचेत जोडला की पूर्वीसारखाच वाजतो. परंतु अमरावतीत लाइन गेली की तो मुका होतो. मग म्हातारी माणसे विचारतात, "काहून जी, लाइन गेली तं फोन बी काहून जाते?" प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचे उत्तर त्या डब्याच्या पोटात आहे.

प्रथम जुना टेलिफोन कसा चालत होता ते पाहू. एक्स्चेंजच्या इमारतीत एक खोली बॅटऱ्यांची असे. दोन दोन व्होल्टांचे २४ घट एकापुढे एक जोडले की ४८ व्होल्ट होतात. ही ४८ व्होल्टांची वीज तांब्याच्या दोन तारांवरून तुमच्या घरी येत असे. शहराची वीज गेली तर हे घट टेलिफोन चालू ठेवीत, आणि घट उतरू लागले तर डिझेलचे इंजिन सुरू होई. तुम्ही रिसीव्हर उचलला की दोन तारांचे वर्तुळ पुरे होई, त्यातून थोडासा प्रवाह वाहू लागे, आणि एक्स्चेंजला कळे की अमुक घरी माणूस बोलू इच्छितो. मग तुमच्या कानात गुणगुण ऐकू येई. गोल डायलवर पाच फिरवला की परतताना ते वर्तुळ पाच वेळा तुटे; शून्य फिरवला तर दहा वेळा. पुढे बटणांचे टेलिफोन आले. त्यांत प्रत्येक बटण एकाच वेळी दोन सूर वाजवते. पाचाचे बटण दाबले म्हणजे सेकंदाला ७७० आणि १,३३६ कंपनांचे दोन सूर निघतात. तुमच्याकडे फोन आला म्हणजे घंटा वाजवण्यासाठी एक्स्चेंज त्याच तारांवरून ७५ व्होल्टांच्या आसपासची वेगळी वीज पाठवी. तात्पर्य, साधा टेलिफोन हे अत्यंत गरीब यंत्र आहे. त्याला स्वतःची वीज नाही, स्वतःची बुद्धी नाही. त्याचे सारे पालनपोषण एक्स्चेंज करीत होते.

आता इंटरनेटला या यंत्राची बोली मुळीच कळत नाही. तिकडे ४८ व्होल्ट नाहीत, घंटेची वीज नाही, वर्तुळ तुटणे-जुळणे नाही. तिकडे केवळ आकडे धावतात. म्हणून मध्ये एक दुभाष्या लागतो. त्यालाच अ‍ॅडॅप्टर म्हणतात. तो सुटा मिळतो, किंवा फायबरच्या मॉडेमच्या पोटातच बसवलेला असतो. भारत संचार निगमच्या फायबरवर आणि जिओ, एअरटेल यांच्या घरगुती फायबरवर टेलिफोनची खाच असते ती याच दुभाष्याची. दंडारीतला सोंगाड्या एका बाजूने राजा आणि दुसऱ्या बाजूने हुजऱ्या व्हावा, तसा हा डबा दोन सोंगे घेतो. टेलिफोनकडे तोंड करून तो म्हणतो, मीच तुझा एक्स्चेंज. तोच त्याला वीज देतो, तोच गुणगुण ऐकवतो, तोच घंटा वाजवतो, तोच सूर ऐकून आकडे ओळखतो. आणि इंटरनेटकडे तोंड करून तो म्हणतो, मी एक संगणक आहे.

बोललेले शब्द आकड्यांत कसे जातात? आवाज म्हणजे हवेचे हेलकावे. टेलिफोन त्यांचे विजेचे हेलकावे करतो. डबा त्या हेलकाव्यांची उंची सेकंदाला ८,००० वेळा मोजतो आणि प्रत्येक मोजणी शून्य व एक यांच्या आठ खुणांत लिहितो. आठ हजारांना आठाने गुणा. सेकंदाला ६४,००० खुणा झाल्या. ही कल्पना आजची नव्हे. अ‍ॅलेक रीव्ह्ज नावाच्या इंग्रज इंजिनियरने पॅरिसमध्ये काम करीत असताना १९३७ साली ती मांडली. त्या वेळी ती व्यवहारात आणण्याजोगी स्वस्त यंत्रे नव्हती, म्हणून ती कित्येक वर्षे कागदावर राहिली.

मग या खुणांची पाकिटे होतात. इंग्रजीत त्यांना पॅकेट म्हणतात. आपला पाकीट हा शब्द तिथे चपखल बसतो. दर सेकंदाच्या पन्नासाव्या भागात १६० मोजण्या जमतात. त्या एका पाकिटात भरायच्या, वर पत्ता लिहायचा आणि पाकीट रवाना करायचे. सेकंदाला पन्नास पाकिटे. गंमत पाहा, आतला ऐवज १६० अक्षरांचा आणि वरचा पत्ताच ४० अक्षरांचा असतो. म्हणजे ६४,००० खुणांचे संभाषण वाटेवर ८०,००० खुणांचे होते. तरीही आजच्या फायबरला हे ओझे म्हणजे बैलगाडीत ठेवलेली कापसाची एक पेळू.

ही पाकिटे साध्या टपालाने जातात, रजिस्टरने नव्हे. कोणते पाकीट आधी पोचेल, कोणते मागाहून, कोणते वाटेत हरवेल, याचा भरवसा नसतो. म्हणून पलीकडचा डबा आलेली पाकिटे ओसरीवर क्षणभर बसवून ठेवतो, त्यांचा क्रम लावतो आणि मग आत घेतो. फार उशिरा आलेले पाकीट तो टाकून देतो, कारण संपलेल्या शब्दाचा तुकडा पुढच्या वाक्यात घालून काय उपयोग? पण या ओसरीवरच्या मुक्कामालाही मर्यादा आहे. एका तोंडापासून दुसऱ्या कानापर्यंत सेकंदाच्या १५० सहस्रांशांपेक्षा अधिक वेळ लागू नये, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्याहून फार वेळ लागला की दोघे एकदम बोलू लागतात आणि दोघेही एकदम थांबतात. पुण्याला किंवा अमेरिकेला असलेल्या मुलाशी बोलताना हा अनुभव आपण घेतला असेल. दोष मुलाचा नसतो. पाकिटांना झालेल्या उशिराचा असतो.

एक प्रश्न उरतो. अमुक नंबर फिरवला तर तो कोणत्या डब्याला द्यायचा हे कोण ठरवते? त्यासाठी प्रत्येक डबा चालू झाल्याबरोबर कंपनीच्या मध्यवर्ती यंत्राकडे हजेरी लावतो. आपले नाव सांगतो, परवलीचा शब्द सांगतो, आणि मी या पत्त्यावर हजर आहे असे कळवतो. गिरणीच्या दारावर कामगाराने हजेरी लावावी तसाच हा प्रकार, आणि तो ठराविक वेळाने पुन्हा पुन्हा होतो. या बोलण्याच्या रीतीला 'सिप' असे नाव आहे. तिचा आजही पायाभूत मानला जाणारा दस्तऐवज २००२ सालचा आहे. ज्या डब्याची हजेरी लागली नाही, त्याचा टेलिफोन वाजत नाही. म्हणून हा परवलीचा शब्द जपला पाहिजे. कारखान्यातून आला तसाच तो ठेवला तर चोर दूर देशातून तुमच्या नावाने हजेरी लावू शकतो, आणि त्याच्या परदेशी बोलण्याचे बिल तुमच्याकडे येते.

आकड्यांच्या जाळ्यावरून माणसाचा आवाज पाठवण्याचा पहिला प्रयोग अमेरिकेत १९७४ साली कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्स यांच्या दरम्यान झाला. १९९५ साली संगणकावरून बोलण्याचा कार्यक्रम बाजारात आला. २००२ च्या सुमारास अमेरिकेत साध्या टेलिफोनला जोडण्याचे डबे घरोघर विकले जाऊ लागले. आपल्या देशात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली, परंतु देशातल्या साध्या टेलिफोनच्या जाळ्याशी ती जोडण्याची मनाई राहिली. ती वाट परवानाधारक कंपन्यांसाठी जून २०१८ मध्ये मोकळी झाली. आजही परवान्याशिवाय इंटरनेटवरचे कॉल देशातल्या टेलिफोनवर उतरवणे हा गुन्हा आहे, आणि असे चोरटे एक्स्चेंज चालवणाऱ्यांवर देशात ठिकठिकाणी धाडी पडल्या आहेत. तेव्हा कोणी स्वस्त परदेशी कॉलचा डबा दुकानात ठेवायला सांगितला, तर आधी परवाना विचारावा.

येथवर यंत्राची कथा झाली. आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

साधा टेलिफोन कालबाह्य झाला, मग त्याची चिंता कशाला, असे पुष्कळांना वाटते. आकडे निराळे सांगतात. २००६ च्या सुमारास देशात लँडलाइन टेलिफोन सुमारे ५ कोटी होते. २०२० पर्यंत ते २ कोटींच्या आसपास उतरले. त्यानंतर मात्र ही संख्या पुन्हा चढली आणि २०२४ च्या अखेरीस साडेतीन कोटींच्या वर गेली. ही वाढ तांब्याच्या तारेची नव्हे, फायबरची आहे; म्हणजेच या डब्याची आहे. दवाखाना, शाळा, बँक, अडत्याची पेढी आणि एकटी राहणारी म्हातारी माणसे यांच्या उपयोगाची ही वस्तू आहे.

या बदलाचे फायदे मी नाकारीत नाही. पावसाळ्यात तांब्याच्या तारेत पाणी शिरून होणारी खरखर फायबरवर नाही. तांबे चोरीला जात असे. काचेच्या तंतूला चोर हात लावीत नाही. मृगाच्या विजा तांब्यावरून घरात शिरत. काच वीज वाहून नेत नाही. एक्स्चेंज ते घर या वाटेवर फायबरच्या फाट्यांना वीजही लागत नाही. पेढीच्या पाटीवर रंगवलेला जुना नंबरही बहुधा तसाच ठेवता येतो. हे सारे खरे आहे.

परंतु एक गोष्ट कोणी न सांगता बदलली. टेलिफोन चालता ठेवण्याची जबाबदारी एक्स्चेंजच्या बॅटरीच्या खोलीतून उठून आपल्या घरातल्या भिंतीवर आली. पूर्वी ती वीज खाते देत होते, आता ती आपण देतो. पूर्वी घट तपासायला माणूस होता, आता तो माणूस आपणच. दोन लाइनींची एक लाइन झाली आणि तिचा कारभारी आपण झालो. मात्र कारभारीपणाची सनद कोणी दिली नाही आणि कर्तव्येही कोणी समजावून सांगितली नाहीत.

कामगार चळवळीत राहून मी एक गोष्ट शिकलो. यंत्र आले म्हणजे काम नाहीसे होत नाही. ते एकाच्या डोक्यावरून उतरून दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. टेलिफोनचा इतिहास याचा उत्तम दाखला आहे. स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट १८९१ साली मिळवणारा स्ट्रॉजर हा प्रेतयात्रांची व्यवस्था करणारा व्यावसायिक होता. त्याच्या यंत्रामुळे ऑपरेटरची गरज सरली आणि नंबर फिरवण्याचे काम ग्राहकाकडे आले. १९१९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात टेलिफोन ऑपरेटर स्त्रियांनी ज्युलिया ओ'कॉनर यांच्या नेतृत्वाखाली सहा दिवस संप केला, त्या भागाचे टेलिफोन बंद पाडले आणि वेतनवाढ मिळवली. त्याच वर्षी बेल कंपनीने आपल्या जाळ्यात स्वयंचलित एक्स्चेंज बसवण्यास प्रारंभ केला. आपल्या देशातही जुलै १९४६ चा टपाल कर्मचाऱ्यांचा संप प्रसिद्ध आहे. त्याला मुंबई-कलकत्त्याच्या कामगारांनी उघड पाठिंबा दिला होता. दळणवळण चालवणारा माणूस हात आखडतो तेव्हाच समाजाला त्याचे अस्तित्व कळते.

आणि आता? ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी भारत संचार निगमचे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. जवळजवळ निम्मी फौज. त्यांत लाइनमन होते, केबलचे जोड घालणारे होते. कोणत्या गल्लीतल्या कोणत्या खांबावर कोणाची जोडी आहे हे ज्याला पाठ होते, असे ज्ञान कोणत्याही यंत्रात भरलेले नव्हते. आज फायबरचे काम पुष्कळ ठिकाणी स्थानिक कंत्राटदारांकडे आहे. मोटारसायकलवर जोडयंत्र घेऊन उन्हातान्हात फिरणारी, केसासारखे काचेचे तंतू जुळवणारी तरुण मुले आपण पाहतोच. या मुलाला किमान वेतन मिळते काय? त्याचा भविष्य निर्वाह निधी कोण भरतो? खांबावरून पडला तर त्याचा दवाखाना कोण करतो? तुमचा टेलिफोन चार दिवस बंद राहतो तेव्हा त्या मुलावर रागावण्यापूर्वी हे प्रश्न विचारा. ज्याची नोकरी कायम नाही, त्याच्याकडून कायमची सेवा कशी मिळणार?

कोणी म्हणेल, मोबाईल आहे की! मोबाईलच्या मनोऱ्यालाही बॅटरीच लागते, आणि मोठ्या वादळात सारे शहर एकाच वेळी त्या मनोऱ्याकडे धावते. शिवाय मेळघाटात जाऊन पाहा. चिखलदरा-धारणीच्या डोंगरात अशी कित्येक गावे आहेत, जिथे मोबाईलला टेकडी चढावी लागते. तिथे ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ सालापासून चालू आहे. पण फायबर गावात पोचणे आणि टेलिफोन वाजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंचायतीच्या खोलीला कुलूप असेल आणि आतल्या डब्याला वीज नसेल, तर बाळंतिणीसाठी गाडी बोलवायला धावत आलेल्या माणसाला त्या काचेच्या तंतूचा काय उपयोग?

हा प्रश्न आपल्यालाच पडला असे नाही. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने २०१५ साली नियम केला की, अशी सेवा देणाऱ्या कंपनीने ग्राहकाला प्रथम ८ तासांची आणि पुढे २४ तासांची राखीव वीज विकत घेण्याची सोय द्यावी, व वीज गेल्यावर काय होईल ते त्याला सांगावे. इंग्लंडमध्ये २०१८ साली नियामकाने सांगितले की, ज्यांना दुसरे साधन नाही अशांना निदान एक तासाची सोय मिळाली पाहिजे. तिथल्या वृद्धांच्या गळ्यात मदत मागण्याचे एक बटण असते आणि ते टेलिफोनवरून चालते. नव्या जोडणीवर काहींची ही बटणे निकामी झाली, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये सक्तीचे स्थलांतर थांबवावे लागले, आणि जुने जाळे बंद करण्याची मुदत २०२५ वरून जानेवारी २०२७ वर गेली. हे पाऊल यंत्रामुळे मागे आले नाही. माणसांनी तक्रार केली म्हणून आले.

आपण काय करावे? घरापुरते सांगायचे तर उपाय सोपा आहे. हा डबा बहुधा १२ व्होल्टांवर चालतो आणि दिव्याच्या एका लहान बल्बइतकीच वीज खातो. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी पंख्याबरोबर या डब्याचा प्लगही त्याच्यावर घ्यावा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी राउटरसाठी मिळणारी छोटी बॅटरी घ्यावी. घरात जुन्या तारेचे जाळे असेल तर बाहेरून येणारी जुनी लाइन आधी सोडवावी. एक्स्चेंजची वीज आणि डब्याची वीज एका तारेवर आली तर डबा जळू शकतो. गोल डायलच्या जुन्या टेलिफोनवर आलेला फोन ऐकू येईल, पण त्याचे तुटणे-जुळणे मोजणे पुष्कळ डब्यांना येत नाही, म्हणून नंबर फिरवायला बटणांचा टेलिफोन लागेल. आणि वर्षातून एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून पाहावे: टेलिफोन बोलतो काय?

पण घरापुरता उपाय हा ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याचा उपाय. माझी मागणी सार्वजनिक आहे. एक, जोडणी देताना वीज गेली की हा टेलिफोन बंद पडतो हे ग्राहकाला मराठीत, लेखी सांगितले पाहिजे. दोन, सरकारी दवाखाने, शाळा, ग्रामपंचायती आणि एकटे वृद्ध यांच्या डब्याबरोबर बॅटरी कंपनीनेच दिली पाहिजे, आणि ती तपासण्याची जबाबदारीही तिचीच राहिली पाहिजे. तीन, फायबर जोडणाऱ्या मुलाला कायद्याप्रमाणे वेतन, विमा आणि निधी मिळतो, असे प्रमाणपत्र कंत्राटदाराने दाखवावे. या तिन्ही मागण्या ग्राहकाने एकट्याने केल्या तर त्या तक्रारीच्या वहीत राहतील, आणि कामगाराने एकट्याने केल्या तर त्याची नोकरी जाईल. ग्राहक आणि कामगार यांनी एका अर्जावर सह्या केल्या तर मात्र त्या अर्जाला उत्तर द्यावे लागते. अकोला आणि अमरावती या दोन्ही शहरांतल्या ग्राहकांना आणि कामगारांना माझी एवढीच विनंती आहे की, हा अर्ज आपण मिळून लिहावा.

जुन्या टेलिफोनचे मला अप्रूप आहे म्हणून मी हे बोललो नाही. तांब्याची तार गेली तर जाऊ द्या. परंतु शहरात अंधार झाला तरी माणसाची हाक पोचली पाहिजे, ही त्या तारेमागे असलेली सोय कोणा एकाच्या कृपेने आलेली नव्हती. ती लोकांच्या पैशाने उभी राहिली होती आणि हजारो हातांनी चालवली होती. डबा नवा आला, तर ती सोय त्याच्या बरोबर मागून घेणे हा आपला हक्क आहे.